सॉफ्टवेअर नंतर घ्या, आधी पार्सल कुठं थांबतंय ते बघा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला तो असा समजला. अमळनेरजवळच्या गावातून तुम्ही उडदाचे पापड, ज्वारीचे बिबडे, कुरडया, काळा मसाला आणि केळीचे वेफर्स ऑनलाइन विकता. स्वतःची वेबसाइट आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरी येतात, शिवाय दोन मोठ्या अ‍ॅपवर दुकान आहे. दिवसाला चाळीस-पन्नास ऑर्डरी. पॅकिंगला चार बायका, हिशोबाला वहिनी. तरी माल तिसऱ्या दिवशी निघतो, शंभरातली वीसेक पार्सलं परत येतात, मसाल्याचं पाकीट भलतंच जातं आणि 'माझं पार्सल कुठंय' या फोनांत तुमचा दिवस संपतो. एकानं महिना चार हजारांचं सॉफ्टवेअर दाखवलंय, आणि भाचा म्हणतो सगळा माल भिवंडीच्या गोदामात टाकून मोकळे व्हा. दोन्हींपैकी काय करू, असं तुम्ही विचारलंय. शेवटी कुरडया फुटतात त्याचंही विचारलंय, त्याचं शेवटी सांगते.

आज तरी दोन्हीपैकी काहीच करू नका. दोन्ही गोष्टी वाईट आहेत असं नाही. पण तुमचं दुखणं नेमकं कुठं आहे ते तुमच्या प्रश्नात कुठंच दिसत नाही. सगळीकडे दुखतंय एवढंच दिसतं.

मी जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात डिस्पॅचच्या टेबलावर कामाला लागले. तिथून पुढं स्वतःचं ऑनलाइन दुकान टाकलं, आधी चटया, मग पापड-मसाले. बारा वर्षं पार्सलं बांधतेय आणि बांधून घेतेय. त्यावरून सांगते. तुमच्याकडे शेती असेलच, म्हणून तुम्हाला पटेल असं बोलते. ठिबकला पाणी कमी येतंय म्हणून माणूस मोटारीचा एचपी वाढवतो, आणि चोंदलेला असतो फिल्टर. मोठी मोटार लावल्यावर नळ्या निसटतात, शेवटच्या झाडाला पाणी तरी मिळत नाहीच. सॉफ्टवेअर आणि भिवंडी या मोठ्या मोटारी झाल्या. आधी फिल्टर उघडून बघा.

त्यासाठी लागते एक लांब वही. दुकानात मिळते तीच, उधारीची. पंधरा दिवस प्रत्येक ऑर्डरीसमोर पाच वेळा लिहायच्या: ऑर्डर आली, ऑर्डर पक्की झाली, माल काढला, पॅक झालं, कुरिअरवाल्याच्या हातात दिलं. बाकी काही नाही. मोबाइलमध्ये नको, कारण मोबाइल तुमच्या खिशात असतो आणि काम टेबलावर चालतं. वही टेबलाला सुतळीनं बांधा, पेनसकट.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा मला खात्री होती की आमच्या बायका पॅकिंगला हळू आहेत. घड्याळ लावून बसले. एका पार्सलला सरासरी चार मिनिटं लागत होती, त्यातलं दीड मिनिट तर कात्री शोधण्यात जायचं. आणि ऑर्डर आल्यापासून पार्सल गाडीत चढेपर्यंत? चाळीस तास. म्हणजे चाळीस तासांतली चार मिनिटं काम, बाकी सगळं थांबणं. मी त्या चार मिनिटांची तीन करायला निघाले होते.

थांबणं कुठं होतं ते वहीनं दाखवलं. वेफर्स दुसऱ्या गावाहून मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे, त्यामुळं शुक्रवारी रात्री आलेली वेफर्सची ऑर्डर मंगळवारपर्यंत बसून राहायची, आणि तिच्यातले पापडही तिच्याबरोबर बसायचे. लेबल फक्त मी काढायचे, आणि मी बँकेत गेले की टेबल थांबायचं. कुरिअरचा पिकअपवाला पाचला यायचा, आमचं पॅकिंग साडेपाचला उरकायचं, म्हणजे रोजची पंधरा-वीस पार्सलं अर्ध्या तासानं चुकून पूर्ण एक दिवस मागं. यात बायकांचा दोष कुठं आहे? एकीला मी विचारलं, कुठलं पार्सल आधी बांधायचं हे तुला कसं कळतं? ती हसून म्हणाली, "बठ्ठं डोकामा शे, ताई." सगळं डोक्यात आहे! तेच तर दुखणं होतं. काम एका हातातून दुसऱ्या हातात जाताना मध्ये कागद नव्हता, आठवण होती.

तुमच्याकडे आकडे वेगळे निघतील. कदाचित तुमचा पिकअपवाला वेळेवर सापडत असेल आणि ऑर्डर पक्की करण्यातच दोन दिवस जात असतील. म्हणून माझं उत्तर उचलू नका, माझी वही उचला.

एक बदल मात्र वही न बघताही सांगते, कारण तो बहुतेक ठिकाणी लागू पडतो. दिवसाची एक वेळ ठरवा, समजा दुपारी एक. एकच्या आधी पक्की झालेली प्रत्येक ऑर्डर आज जाणार, एकनंतरची उद्या. ही वेळ पिकअपच्या वेळेवरून मागं मोजत आणायची, मनानं ठरवायची नाही. मग लेबलं दोन घाण्यांत काढायची, सकाळी दहाला आणि एकला. प्रत्येक ऑर्डर आली की उठून लेबल काढायचं, हे बंद. वीज जाते तेव्हा प्रिंटर बंद पडतो, म्हणून सकाळचा घाणा लवकर उरकलेला बरा. आणि थर्मल लेबलचे, म्हणजे शाईऐवजी उष्णतेनं छापल्या जाणाऱ्या लेबलचे, रोल पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. आपल्याकडचा एप्रिल-मे तुम्हाला सांगायला नको. उष्णतेनं ते काळपट पडतात आणि बारकोड वाचला जात नाही. घरात, माठाशेजारी नव्हे पण सावलीत, बंद डब्यात ठेवा.

आता परत येणाऱ्या पार्सलांबद्दल. आपल्या धंद्यात याला 'आरटीओ' म्हणतात, म्हणजे 'रिटर्न टू ओरिजिन', निघाल्या जागी परत. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं गाडी पासिंगचं काहीतरी आहे. तुम्ही याला एका ओळीत उरकलंय, आणि मला वाटतं तुमचा सगळ्यात मोठा पैसा इथंच जातोय. हिशोब मांडून बघू. समजा ऑर्डर ४५० रुपयांची आहे आणि सगळं जाऊन १२० सुटतात. पार्सल परत आलं की जायचं भाडं ७०, यायचं ६०, खोका-टेप १८, म्हणजे १४८ रुपये गेले. वर परत आलेल्यातला निम्मा माल विकण्याजोगा राहत नाही असं धरू, आणि मालाची किंमत २०० धरू. शंभरातली ८० पोचली तर ९,६०० कमावले. वीस परत आली तर भाड्या-खोक्यात २,९६० आणि दहा जणांचा माल खराब म्हणून २,००० गेले. हातात उरले ४,६४०. आता परत येणारी वीसची दहा झाली तर? ९० पोचली म्हणजे १०,८००, त्यातून १,४८० आणि १,००० वजा, राहिले ८,३२०. एकही नवीन गिऱ्हाईक न जोडता, एकही नवीन बाई कामाला न ठेवता. आकडे तुमचे घाला, पण गणित असंच चालतं.

परत आलेलं प्रत्येक पार्सल आठवड्यातून एकदा जमिनीवर मांडा आणि कारणानुसार ढीग लावा. कुरिअरची शेरा लिहायची पद्धत फसवी असते. 'ग्राहक उपलब्ध नाही' लिहिलेल्यातली अनेक पार्सलं मी स्वतः फोन करून विचारली, तर फोनच आला नव्हता असं गिऱ्हाईक सांगायचं. खरी कारणं माझ्याकडे चार-पाचच निघाली. पत्ता अर्धवट. कॅश ऑन डिलिव्हरी मागवलं आणि मन बदललं. पार्सल इतक्या उशिरा पोचलं की माणूस गावाला निघून गेलं. कुरिअर तिथं जातच नाही. आणि एकाच माणसानं चुकून दोनदा मागवलं.

शेवटची दोन सोपी आहेत. एकाच नंबरवरून एका दिवसात दोन ऑर्डरी आल्या की पाठवण्याआधी विचारायचं. आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर, किंवा सातपुड्याच्या पायथ्याच्या काही गावांना, खासगी कुरिअर 'एरियाबाहेर' म्हणून हात वर करतं, तिथं सरळ स्पीड पोस्ट. पोस्टमन पोचतो. पिनकोडची एक यादी करून भिंतीला चिकटवा: हे पिन आले की पोस्ट, बाकी कुरिअर. दर वेळी अ‍ॅपमध्ये बघत बसायला नको.

पत्त्याचं थोडं सविस्तर सांगते. आपलं गिऱ्हाईक कोण? पुण्या-मुंबईला, नाशिकला, सुरतेला राहायला गेलेला खान्देशी माणूस. तो पत्ता लिहितो 'स्वामी समर्थ मंदिरामागे, तिसरी गल्ली'. सुरतेच्या डिलिव्हरीवाल्याला यातून काय कळणार? म्हणून कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डर आली की आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर एकच निरोप पाठवतो, मराठीत: 'तुमची ४५० रुपयांची ऑर्डर आली आहे. बुधवारी निघेल, शनिवारपर्यंत पोचेल. घर नंबर, इमारतीचं नाव आणि जवळची खूण कळवा. ५० रुपये आधी पाठवलेत तर बिलातून वजा होतील.' उत्तर येईपर्यंत ऑर्डर पक्की नाही. दोन दिवस उत्तर नाही आलं तर एक फोन, आणि मग रद्द.

पन्नास रुपये आधी मागितले तर गिऱ्हाईक पळेल, अशी भीती मलाही होती. काही पळालेच. पण जे पन्नास रुपयेसुद्धा द्यायला तयार नव्हते त्यांचं पार्सल दारातून परत आलंच असतं. मोठ्या अ‍ॅपवर हे करता येत नाही, तिथले नियम त्यांचे. तिथं कॅशच्या परत येणाऱ्या पार्सलांचं नुकसान कमी करायचं असेल तर बिबड्यांसारखा फुटणारा माल तिथून काढून घ्या आणि फक्त मसाला-पापड ठेवा. माझं हे मत काहींना आवडत नाही. पण जो माल परत येताना चुरा होतो तो अशा जागी विकायचाच कशाला, जिथं गिऱ्हाइकाशी बोलता येत नाही?

एकोणीस दिवसांनी परत आलेलं बिबड्यांचं एक पार्सल मला अजून आठवतं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी गेलं होतं, लेकी माहेरी आलेल्या असताना पोचायला हवं होतं. आलं तेव्हा खोका हलवला तर आतून वाळूसारखा आवाज.

आता चुकीचं पाकीट जाणं. तुम्ही लिहिलंय की बायकांना दहादा सांगितलं तरी चुकतात. सांगून होत नाही हो. आमच्याकडे काळ्या मसाल्याचं पाव किलोचं आणि अर्धा किलोचं पाकीट एकाच डिझाइनचं होतं, छपाई स्वस्त पडावी म्हणून मीच तसं केलेलं. दोन्ही एकाच फळीवर. शिवाय 'तिखट' आणि 'मध्यम' यांत फरक फक्त कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांचा. संध्याकाळी चारला, पिकअपची घाई असताना, डोळ्यांवर चष्मा नसलेल्या पन्नाशीच्या बाईनं ते ओळखावं अशी माझी अपेक्षा! मग अर्ध्या किलोला लाल चिकटपट्टी, पाव किलोला काहीच नाही. तिखट डाव्या मांडणीत, मध्यम उजव्या, मध्ये पापड. लेबलवर मालाचं नाव न छापता मांडणीचा नंबर मोठ्या अक्षरात छापला: 'डावी २ – लाल'. वाचायला दोन अक्षरं. चुका तिथेच निम्म्या झाल्या.

उरलेल्या निम्म्या वजनकाट्यानं पकडल्या, आणि या युक्तीचा मला सगळ्यात जास्त अभिमान आहे, म्हणून जरा थांबते. प्रत्येक मालाचं पाकिटासकट वजन एकदा मोजून भिंतीवर लिहा. खोक्यांचंही. ऑर्डरीत अर्धा किलो मसाला, दोन पापडाची पाकिटं आणि लहान खोका असेल तर बेरीज समजा १ किलो १८० ग्रॅम. पार्सल बंद केलं की काट्यावर ठेवायचं. ९३० दाखवलं तर समजायचं, अर्ध्याच्या जागी पाव किलोचं पाकीट पडलंय, किंवा काहीतरी राहिलंय. पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे चालतं. टेबलावरचा साधा इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. काट्यावर पार्सल असताना मोबाइलवर एक फोटो, आकडा आणि लेबल दोन्ही दिसतील असा. हा फोटो पुढं दोनदा कामाला येतो. 'पाकीट कमी आलं' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला तो दाखवता येतो, आणि कुरिअरनं वजन जास्त लावलं तर त्यांच्याकडे तक्रार करताना पुरावा होतो. त्या तक्रारीला मुदत असते, ती चुकवू नका. दर सोमवारी वजनाचा फरक बघायचं काम वहिनींकडे द्या.

वजनावरून वेफर्सचं. तुम्ही म्हणालात, वेफर्समध्ये काही सुटत नाही. सुटणार कसं? कुरिअर प्रत्यक्ष वजन आणि आकारावरून काढलेलं वजन यांत जे जास्त त्याचे पैसे लावतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि सहसा ५,००० नं भागायची, किलो निघतात. तुमच्या कुरिअरचा भाजक विचारून घ्या, काहींचा वेगळा असतो. २०० ग्रॅमची चार पाकिटं, म्हणजे ८०० ग्रॅम माल, तुम्ही ३० × २५ × २० च्या खोक्यात घातलात तर १५,००० भागिले ५,०००, तीन किलोचं भाडं. हवेचं भाडं भरताय. पाकिटातला गॅस थोडा कमी करून तीच चार ३० × २० × १५ मध्ये बसवली की ९,००० भागिले ५,०००, १.८ किलो, अर्ध्या किलोच्या टप्प्यानं दोन किलो. एक किलोचं भाडं वाचलं. फार दाबलंत तर वेफर्स मोडतात, तेव्हा दोन-तीन पार्सलं आपल्याच पाहुण्यांना पाठवून बघा आणि उघडताना व्हिडिओ कॉलवर या. खोके तीनच मापांचे ठेवा. मी एकदा सात मापं आणली होती. प्रत्येक बाई हाताला येईल तो खोका घ्यायची आणि उरलेल्या जागेत वर्तमानपत्र कोंबायची.

मसाला आणि वेफर्स एका खोक्यात नकोत, किंवा मसाला दुहेरी पिशवीत हवा. उन्हात गाडी तापते, मसाल्याचं तेल सुटतं आणि केळीच्या वेफर्सना काळ्या मसाल्याचा वास. काहींना आवडेलही म्हणा.

स्टॉकबद्दल तुम्ही लिहिलंत की तीन ठिकाणी तीन आकडे असतात. हे मीही भोगलंय. एका दिवाळीत माझ्याकडे पापडाच्या एका प्रकाराची साठ पाकिटं होती. वेबसाइटवर साठ, एका अ‍ॅपवर साठ, दुसऱ्यावर साठ लावली. दोन दिवसांत दीडशेच्या वर ऑर्डरी. उडीद दळून, लाटून, वाळवून द्यायला माणसं कुठून आणू, तेही दिवाळीच्या तोंडावर? नव्वदच्या वर लोकांना फोन करून माफी मागितली, पैसे परत केले, आणि एका अ‍ॅपनं माझं रेटिंग खाली नेलं, ते वर यायला पुढचा पावसाळा उजाडला.

तेव्हापासून स्टॉक वाटून लावते. साठ असतील तर पंचवीस, पंधरा, पंधरा, आणि पाच कुठंच दाखवायची नाहीत. ती बदलीसाठी, फुटलेल्यासाठी. एखाद्या ठिकाणी विकून संपली तर संपली. रोज सकाळी आकडा हलवायचा. या कामाला सॉफ्टवेअर खरंच उपयोगी पडतं, ते मी नाकारत नाही. पण त्याला कोठीतला खरा आकडा लागतो. फळीवर किती आहेत हे कुणालाच माहीत नसेल तर सॉफ्टवेअर चुकीचा आकडा तीन ठिकाणी एकदम आणि फार वेगानं पोचवतं.

आपल्या धंद्याची एक अडचण शहरातल्या सल्लागाराला कळत नाही. त्याला वाटतं, माल संपला की मागवा. आपला पापड-कुरडई-बिबड्यांचा माल होतो मार्च ते मे, ऊन असतं तेव्हा, आणि विकायचा वर्षभर. म्हणजे फेब्रुवारीतच ठरवावं लागतं की पुढच्या जानेवारीत किती लागेल. गेल्या वर्षीची महिन्यावार विक्री कागदावर काढा, आणि 'संपलाय' म्हणून परत पाठवलेल्या ऑर्डरीही त्यात मिळवा. हे दुसरं कुणी करत नाही. ज्या महिन्यात माल नव्हता त्या महिन्यात विक्री शून्य दिसते आणि आपण समजतो मागणी नाही.

पिशवीवरची तारीखही इथंच बघावी लागते. ऑनलाइन विकलेला खाद्यपदार्थ गिऱ्हाइकाच्या हातात पडताना त्याची किमान ३० टक्के मुदत किंवा ४५ दिवस शिल्लक हवेत, असं एफएसएसएआयनं, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेनं, ई-कॉमर्सवाल्यांना २०२४ मध्ये सांगितलं. त्यामुळं मे महिन्यात भरलेली आणि एकदम तारीख मारलेली पाकिटं वर्षाच्या शेवटी अडचणीत येतात. आम्ही माल मोठ्या डब्यांत घट्ट झाकून ठेवतो आणि लागेल तसा पाकिटात भरतो. पण मुदत माल बनवला त्या दिवसापासूनच मोजा, भरला त्या दिवसापासून नाही, हे विसरू नका. मांडणीत नवीन माल मागून ठेवायचा आणि पुढून काढायचा. दोन्हीकडून उघडी मांडणी मिळाली तर उत्तम, नाही तर बायका पुढचंच उचलतात आणि पुढचंच भरतात, मागचा माल तसाच राहतो.

इथवर एवढं झालं: वहीतून थांबा शोधायचा, दुपारची एक वेळ ठरवायची, पत्ता पक्का केल्याशिवाय पार्सल बांधायचं नाही, काट्यावर प्रत्येक पार्सल, आणि स्टॉक वाटून. यातलं काहीच महाग नाही. सगळं एकदम मात्र करू नका. आठवड्याला एक.

आता भिवंडी. हे तुमची गिऱ्हाइकं कुठली यावर आहे. गेल्या तीन महिन्यांच्या ऑर्डरी पिनकोडनं लावा. बहुतेक मुंबई-ठाण्याकडच्या असतील, आणि माल वेफर्स-मसाल्यासारखा वर्षभर सारखा खपणारा असेल, तर तिथं थोडा माल ठेवण्यात अर्थ आहे. पार्सल दुसऱ्या दिवशी पोचतं, परत येणं कमी होतं. पण गोदामवाला जागेचं भाडं घेतो, प्रत्येक ऑर्डरीमागं पैसे घेतो, परत आलेल्या पार्सलाचे वेगळे घेतो. आणि तिथला माणूस बिबडा आणि पापड यांत फरक करणार नाही. त्याला बारकोडच कळतो. तुमच्या पाकिटांवर आज बारकोड नाही, पाव आणि अर्धा किलो सारखे दिसतात. तुमची आजची चूक तिथं गेली की ती तुमच्या डोळ्यांआड होईल, एवढाच फरक पडेल. सहा महिन्यांनी, चुका शंभरात एकवर आल्या की दोन प्रकार पाठवून बघा. बाकी सगळं गावातच राहू द्या.

सॉफ्टवेअरचंही तसंच. महिना चार हजार म्हणजे ४५० च्या ऑर्डरीवर १२० सुटत असतील तर चौतीस ऑर्डरींची कमाई. ते आठवड्यातले किती तास वाचवणार, हे वहीशिवाय तुम्हाला सांगताच येणार नाही. पंधरा दिवसांनी वहीत दिसलं की तीन ठिकाणच्या ऑर्डरी एकत्र करण्यातच वहिनींचे रोजचे दोन तास जातायत, तर बिनधास्त घ्या. दाखवायला येणाऱ्याला सांगा, माझ्या कालच्या पन्नास ऑर्डरी घालून दाखव, तुझ्या नमुन्याच्या नकोत.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण लिहितेच. पॅकिंगला पार्सलमागं पैसे देत असाल तर बंद करा, रोजावर घ्या. नगावर पैसे दिले की हात पळतात आणि काट्यावर पार्सल ठेवायला कुणाला वेळ नसतो. मी नगावर देत होते तेव्हा वेग वाढला होता खरा, आणि चुकाही. नंतर रोज ठरवला, वर आठवड्यात चूक निघाली नाही तर सगळ्यांना मिळून काहीतरी. पैसे थोडेच असतात, पण एकमेकींची पार्सलं त्या आपणहून तपासायला लागल्या. आणि टेबलावर एक स्वस्त कॅमेरा लावा, बायकांवर पहारा म्हणून नाही, भांडणाऱ्या गिऱ्हाइकासाठी. लावायच्या आधी त्यांना कारण सांगा, नाही तर चौघींपैकी दोघी दुसऱ्या दिवशी येणार नाहीत.

'माझं पार्सल कुठंय' हे फोन आपोआप कमी होतात. निघाल्याच्या दिवशी एक निरोप, ट्रॅकिंगसकट, आणि उशीर होणार असेल तर गिऱ्हाइकानं विचारायच्या आधी दुसरा. एवढंच.

कुरडया. त्या फुटतात कारण खोक्यात हलतात, वरून दाब पडतो म्हणून कमी. माझ्याकडे जमलेली पद्धत अशी: कुरडई पूर्ण वाळलेली हवी, बोटानं मधला भाग दाबला तर कडक लागला पाहिजे. ओलसर राहिली तर प्रवासात वाकते आणि मग तुटते. पिशवीत सहा-सहाच, एकावर एक, मोठी खाली. पिशवी गोल प्लास्टिकच्या डब्यात, आणि डब्यात वर-खाली कापसाऐवजी चुरमुऱ्यांची छोटी पिशवी, हलकी आणि स्वस्त पडते. डबा खोक्यात हलवून बघा, आवाज आला तर अजून एक पिशवी. तरीही शंभरातल्या पाच-सहा फुटतील. त्या पाकिटावर आम्ही लिहूनच टाकतो, 'प्रवासात काही कुरडया मोडू शकतात, तळल्यावर चवीत फरक नाही', आणि प्रत्येक पिशवीत एक जादा घालतो. वही चालू केलीत की पंधरा दिवसांनी पाचही रकान्यांची सरासरी कळवा, मग पुढचं बघू.